जोडा, वहाण आणि ती शिवणारे हात



मागचा लेख चौल-रेवदंड्याच्या जुन्या बंदरावर होता. बऱ्याच जणांनी तो वाचून आपापल्या आठवणी कळवल्या, त्याबद्दल मनापासून आभार. या वेळचा विषय बंदरावरून एकदम पायाशी आला आहे. त्याला कारण आमचा भाचा.

भाचा बंगळुरात नोकरीला असतो आणि अलीकडे त्याला बुटांचा नाद लागला आहे. कुठल्या कंपनीने या मोसमात कुठला नवा जोडा काढला, कातडं कुठलं, शिवण कशी, यावर त्याचं बारीक लक्ष. आम्ही एप्रिलात हापूसचे भाव बघतो ना, तसं. गेल्या महिन्यात त्याने एका जोड्याचे फोटो पाठवले. तपकिरी, घोट्याच्या वर जाणारा, दिसायला खरंच देखणा. किंमत वाचून मी विचारलं, "अरे, यात काय सोन्याचे खिळे मारलेत?" तर म्हणतो, "आत्या, हा शिवलेला आहे. वेल्टेड म्हणतात याला. तळ झिजला की नुसता तळ बदलायचा. वरचा जोडा वीस-वीस वर्षं चालतो."

सगळी उमर मराठी शिकवण्यात गेली. न कळलेला शब्द कानावर पडला की त्याच्या मागे गेल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा थोडं वाचलं, थोडं भाच्याकडून समजून घेतलं, आणि मग जे जे आठवत गेलं ते इथे लिहिते आहे.

वेल्ट म्हणजे चामड्याची एक अरुंद पट्टी. जोड्याचं वरचं कातडं आणि आतला तळ यांना ही पट्टी सगळीकडून शिवून घ्यायची. ही पहिली शिवण. मग बाहेरचा, जमिनीला लागणारा तळ फक्त त्या पट्टीला शिवायचा. ही दुसरी शिवण. तळ झिजला की दुसरी शिवण उसवायची आणि नवा तळ शिवायचा. वरच्या कातड्याला सुईदेखील लागत नाही. आम्हा बायकांना हे समजायला अगदी सोपं आहे. साडीला फॉल लावतो तो कशासाठी? झिजायचं ते फॉलने झिजावं, साडीने नाही. फॉल विरला की उसवून दुसरा लावायचा. वेल्टच्या जोड्यात तळ हा फॉलसारखा.

युरोपातले चांभार ही शिवण काही शतकं हाताने घालत होते. १८७०च्या दशकात अमेरिकेत धाकट्या चार्ल्स गुडइयरने ती घालणारं यंत्र बाजारात आणलं, म्हणून तिला आजही गुडइयर वेल्ट म्हणतात. याचे वडील, थोरले चार्ल्स गुडइयर, म्हणजे रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करण्याची रीत शोधणारे. टायरची कंपनी या घराण्याची नव्हे, तिने नुसतं नाव घेतलं. इंग्लंडमधलं नॉर्थॅम्प्टन गाव अशा जोड्यांसाठी नावाजलेलं आहे. आपल्या देशातही चेन्नई, अंबूर, राणीपेठ, आग्रा, कानपूर या बाजूला चामड्याचे मोठे कारखाने आहेत आणि परदेशी नावाने विकले जाणारे कित्येक जोडे तिथेच तयार होतात.

आता कातड्याची गोष्ट. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. ते टिकाऊ करायचं म्हणजे कमवायचं. जुनी रीत झाडपाल्याची. बाभळीची साल, हिरडा यांच्यातलं तुरट द्रव्य कातड्यात मुरवायचं. त्याला कित्येक आठवडे लागतात. नवी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिला एखाददोन दिवस पुरतात. आपल्या देशात ती मद्रासला १९०३च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी सुरू केली. महागड्या जोड्यांच्या जाहिरातीत आज "झाडपाल्याने कमावलेलं कातडं" असं मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं. हिरड्याने कातडं कमावतात हे आमच्याकडे गुराख्यालाही माहीत होतं. इंग्रजांच्या अमदानीत तर मुंबई बंदरातून हिरड्याची पोती विलायतेला जात, ती मुख्यतः चामड्याच्या कारखान्यांसाठी. म्हणजे आपल्या डोंगरातलं फळ समुद्रापार जायचं आणि साहेबाच्या बुटात मुरायचं. ज्याने ते रानात वेचलं तो अनवाणीच.

अनवाणी म्हटल्यावर आपल्या किनाऱ्याकडे यायला हवं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याने इथल्या लोकांच्या अंगावरच्या तोकड्या कपड्यांची नवलाईने नोंद केली आहे आणि सरदारांचे नोकरचाकर उघडे नि अनवाणी असतात असंही लिहिलं आहे. त्याला नवल वाटणारच, तो बर्फातून आलेला. पण आमच्या किनाऱ्यावर पाय उघडे राहिले ते नुसत्या गरिबीने नव्हे. इथे चार महिने चिखल, खाजणात खारं पाणी, पुळणीवर वाळू. चामड्याला खारं पाणी लागलं की ते कडक होऊन तडकतं, आणि जून-जुलैच्या दमट हवेत कोपऱ्यात ठेवलेल्या जोड्यावर आठवड्यात पांढरी बुरशी चढते. म्हणून आगोटीची सामानसुमानाची भरती चालायची तेव्हाच घरातल्या पुरुषांच्या वहाणा पुसून, एरंडेल चोळून, फडक्यात बांधून माळ्यावर जात. त्या उतरायच्या नवरात्राच्या सुमाराला. मधले दिवस पाय आणि चिखल.

आमच्या आळीत चामड्याची वहाण रोज वापरणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. चाकरमानी मुंबईहून लाँचने रेवसला उतरायचे तेव्हा त्यांच्या पायांतले काळे बूट बघायला आम्ही पोरं धक्क्यावर उभी असायचो. पुढे खाजणातून घरी जाताना तेच बूट त्यांच्या हातात असायचे, हा भाग वेगळा.

वहाणा यायच्या घाटावरून. कोल्हापुरी हे त्यांचं आजचं सर्वांना माहीत असलेलं नाव, पण त्यात किती प्रकार! कापशी, पायतण, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाली. यातली काही नावं गावांवरून पडली आहेत. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव, कुरुंदवाड पंचगंगेच्या काठचं. कर्नाटकातलं अथणी, निपाणी या भागातही हीच विद्या. वहाण हा शब्द संस्कृत उपानहपासून आला आणि पायतण हा पादत्राणापासून. जोडा म्हणजे जोडी, दोन नग. एका शब्दाच्या पोटात केवढं काय असतं!

ही वहाण बनते कशी? म्हशीच्या किंवा बैलाच्या जाड कातड्याचा तळ, वर पातळ कातड्याचे पट्टे. चुन्यात टाकून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते टांगून ठेवायचं. पाणी हळूहळू झिरपतं, खाली साठलेलं पुन्हा वर ओतायचं. असं दिवसेंदिवस. मग रापीने कापणी, ठोकून ठोकून तळ घट्ट करणं, आरीने भोकं पाडणं आणि चामड्याच्याच बारीक वादीने शिवणं. खिळा नाही, डिंक नाही. पट्ट्यावरची वेणी आणि गोंडे हे बहुतेक करून घरातल्या बायकांचं काम. कापणं, ठोकणं, तळ शिवणं हे पुरुषांचं. एका जोडामागे सगळं घर असतं.

वेल्टच्या जोड्यात आणि कोल्हापुरीत रचनेचा फरक आहे, हे मी भाच्याला कबूल केलं. कोल्हापुरीत वेल्ट नसतो. पण तत्त्व एकच. शिवलेली वस्तू उसवता येते आणि उसवता आली म्हणून दुरुस्त करता येते. चिकटवलेली वस्तू तुटली की फेकावी लागते. तळ झिजला की तळाखाली दुसरा तळ, टाच गेली की नवी टाच, वादी तुटली की नवी वादी. आमच्या वडिलांचा एक जोड किती वर्षं चालला हे सांगितलं तर भाच्याच्या जोड्याची जाहिरात फिकी पडेल.

पण दुरुस्त होणारी वस्तू म्हटली की दुरुस्त करणारा माणूस आलाच. आणि इथेच वहाणेचा इतिहास अवघड होतो.

जुन्या गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात या व्यवस्थेचं बारकाईने वर्णन आहे. कुणब्याच्या वहाणा, मोटेचं चामडं, आसूड, दोर, सगळं सांधून द्यायचं आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. कोकणात बलुतं घाटाइतकं पक्कं नव्हतं, पण कामाची वाटणी तीच. मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी, आणि घालायचं बाकीच्यांनी. या साखळीतल्या पहिल्या तिघांची घरं गावकुसाबाहेर. ज्यांच्या हातून सगळ्या गावाच्या पायांना संरक्षण मिळालं, त्यांनाच गावातून वहाण घालून जायला कित्येक ठिकाणी बंदी होती. वरच्या जातीचा माणूस समोर आला की पायातली काढून हातात घ्यायची.

आणि विरोधाभास बघा. आपण पादुकांची पूजा करणारी माणसं. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, ती गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. आषाढीला आळंदीहून निघणाऱ्या पालखीत ज्ञानोबांच्या पादुकाच असतात. फार उपकार झाले की आपण म्हणतो, अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाहीत. संत रोहिदास स्वतः जोडे शिवणारे. म्हणजे भक्तीत आणि भाषेत जोडा एवढा मोठा, आणि तो शिवणारा मात्र उंबऱ्याबाहेर.

इंग्रज आले तेव्हा जोड्याचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. कचेरीत, कोर्टात साहेबासमोर देशी माणसाने जोडा काढून यावं असा दंडक होता. तुम्ही देवळात, घरात काढता ना, मग इथेही काढा, असा त्यामागचा युक्तिवाद. १८५४ साली कलकत्त्याच्या सरकारने ठराव केला की जे देशी लोक विलायती धर्तीचे बूट घालतील त्यांना सरकारी समारंभात ते पायांत ठेवता येतील. देशी जोडा मात्र बाहेरच. पुढे ही सवलत कोर्टकचेऱ्यांनाही लागू झाली. म्हणजे आपल्याकडे माणसाला होती तशी आता जोड्यालाही जात लागली.

१८६२ साली आपल्याच मुंबई इलाख्यातल्या सुरतेत माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी सेशन्स कोर्टात जोडा काढायला साफ नकार दिला. ते त्या कोर्टात असेसर होते. त्यांना आत येऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे तक्रारीचं पत्र पाठवलं. त्या वेळी लोकांचं म्हणणं फार मुद्द्याचं होतं. घरात आणि देवळात आम्ही जोडा काढतो तो बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून आणि श्रद्धेने. कोर्ट हे काही कुणाचं घर नाही. मला या वादात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांनी कोर्टात जोडा काढण्यात अपमान मानला, त्यांच्यापैकी कितीजणांच्या गावात दुसऱ्या कुणाला रस्त्यावर जोडा काढावा लागत होता? हा प्रश्न त्या काळी फार थोड्यांनी विचारला. ज्योतिराव फुले आणि त्यांचे सहकारी त्या थोड्यांपैकी.

बायकांचं काय? आमच्या आईने पहिली चप्पल घातली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती, आणि तीही तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणून. त्या आधी बाईने वडीलधाऱ्यांसमोर पायात काही घालणं हा उद्धटपणा समजला जाई. पायात जोडा आणि हातात छत्री घेतलेली बाई हा एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात थट्टेचा आणि टीकेचा ठरलेला विषय होता. पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांना पुस्तकाइतकंच त्यांच्या पायातल्यावरून ऐकावं लागलं. मी १९७०च्या दशकात शाळेत नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेल्या वस्तूंत एक कोल्हापुरी जोड होता. आई म्हणाली, "बघ, नवी वहाण चावते." चावलीच. पण फोड आलेल्या पायांनी मी शाळेत गेले आणि वहाण काढली नाही.

या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना आमच्याच जिल्ह्यात घडली. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. महाडला मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि २० मार्चला सगळे चवदार तळ्यावर गेले. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचा या लेखाशी थेट संबंध आहे. मेलेली जनावरं ओढणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं त्यांनी आपल्या लोकांना बजावलं. म्हणजे कातड्याची जी साखळी शेकडो वर्षं चालत आली होती, तिची पहिली कडीच त्यांनी मोकळी करायला सांगितली. काम घाणेरडं म्हणून नव्हे. ते काम जन्माने लादलेलं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून. महाडजवळ चांभारगड नावाचा एक छोटा किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्याला चांभारखिंड. महाडला जाणं झालं की ती पाटी दिसते आणि मला हे सगळं आठवतं.

कोल्हापूरला वेगळ्या अंगाने प्रयत्न झाला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, चर्मोद्योगाला दरबारचं उत्तेजन मिळालं. धंदा टिकवायचा आणि धंदा करणाऱ्याला मानही द्यायचा, अशी ती दिशा होती. महाड आणि कोल्हापूर, दोन्ही वाटा मला खऱ्या वाटतात. नको असलेलं काम सोडता आलं पाहिजे. आणि हवं असेल तर तेच काम ताठ मानेने करताही आलं पाहिजे.

मग कारखान्यांचा जमाना आला. टोमास बाटा यांनी १८९४ साली झ्लिन या गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, धंदा सुरू केला. १९३०च्या दशकात त्यांच्या कंपनीने कलकत्त्याजवळ बाटानगर वसवलं. पुष्कळांना आजही बाटा ही देशी कंपनी वाटते! कॅनव्हासचे बूट, मग रबरी स्लीपर, मग पावसाळी प्लास्टिक. आमच्या किनाऱ्याला हे वरदानच ठरलं. स्लीपरला खारं पाणी बाधत नाही, बुरशी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती सगळ्यांच्या पायात सारखीच. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गातली निम्मी मुलं अनवाणी असायची. निवृत्त झाले तेव्हा एकही नव्हतं. हे काम हाताच्या शिवणीने झालेलं नाही, स्वस्त रबराने केलं. जुन्या वस्तूंचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

पण त्याच स्लीपरने बाजारातल्या चांभाराच्या टपरीचं काम घटवलं. तुटला पट्टा की नवी स्लीपर. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा कोल्हापूरकडच्या कारागिरांनी कातडं मिळेनासं झाल्याच्या आणि महाग झाल्याच्या तक्रारी केल्या. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून. एरवी सीमेवरून भांडणारी दोन राज्यं चपलेच्या बाबतीत एका पायावर उभी राहिली, ही मला मोठी गंमत वाटते.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा नवा मोसम सादर केला. त्यात मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी! नाव मात्र नुसतं 'चामड्याच्या सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. इकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाला. २,००० जोड इथे बनवून घ्यायचे, सुमारे ८०० युरोला एक, असं जाहीर झालं. म्हणजे आपले ऐंशी हजारांहून जास्त रुपये झाले. आपल्याकडे चांगला जोड हजार-दोन हजारांत मिळतो. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाचंही कलम आहे.

भाच्याला यात आनंद झाला. मलाही झाला, नाही असं नाही. नाव मिळालं हे कमी नाही. पण ८०० युरोंतले कारागिराच्या हातात किती पडतात, वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडतात, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. गोंगाट 'आपल्या' वहाणेचा झाला. 'आपली' म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ती शिवणाऱ्याला कधी ओटीवर बसवून चहा दिला होता?

इथे एक वर्गातली गोष्ट सांगते. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण जुन्या प्रश्नपत्रिकांत हटकून असे. मुलं पाठ केलेलं उत्तर लिहीत की ज्याची जी पायरी, त्याला तिथेच ठेवावं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने लिहिलं, "वहाण पायात नसली तर पाय पोळतात, काटा मोडतो. म्हणून ती पायात बरी." त्याचे वडील बाजारात जोडे शिवायला बसत. मी पूर्ण गुण दिले. म्हणीचा हा अर्थ कुठल्याही कोशात नाही, पण वहाणेची खरी किंमत जाणणाऱ्या घरातून तो आला होता. तो मुलगा पुढे शिकला, आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. रापी-आरी त्याच्या घरात कुणी धरत नाही. मध्यंतरी भेटला तेव्हा मी कोल्हापुरीच्या बातमीचं विचारलं. म्हणाला, "बाई, आनंद झाला. पण माझ्या मुलाने हे शिकावं असं कुणी म्हटलं की आधी त्याला विचारतो, तुमच्या मुलाला पाठवता का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायची जबाबदारी त्याची नव्हे, आपली आहे. परंपरा टिकली पाहिजे असं सभेत म्हणणं सोपं. टिकवण्यासाठी रोज आठ तास मान खाली घालून बसायचं ते दुसऱ्या कुणीतरी. नॉर्थॅम्प्टनच्या जोड्याला भाव आहे, कारण तिथे जोडे शिवणारा मनुष्य पोटापुरतं मिळवतो, आपला धंदा कुणापासून लपवत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्याचा मुलगाही तोच धंदा निवडू शकतो. आपल्याकडे ज्या दिवशी एखाद्या जोशी-पाटलांच्या घरातला मुलगा आपल्या आवडीने आरी हातात घेईल आणि चर्मकाराच्या घरातला मुलगा आपल्या आवडीने ती घेईल किंवा घेणार नाही, त्या दिवशी कोल्हापुरी टिकली असं मी म्हणेन. त्यासाठी आधी तिला कष्टाचा दाम मिळाला पाहिजे, तोही नुसता मिलानच्या दुकानात नव्हे, आपल्या आठवडा-बाजारात. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केल्याचा आनंद आपण सोडून देऊ शकतो. एवढं तरी आपल्या हातात आहे.

भाच्याला मी कळवलं आहे की घे बाबा तुझा जोडा, वीस वर्षं वापर. फक्त तळ बदलायला देशील तेव्हा बदलणाऱ्याचं नाव विचार आणि मला लिहून पाठव.

असो. लेख नेहमीप्रमाणे लांबला. तुमच्या गावाकडे वहाणेला काय म्हणतात, त्यातले कुठले प्रकार तुम्ही पाहिले आहेत, आणि पावसाळ्यात त्या ठेवायची तुमच्या घरची रीत काय होती, हे जरूर कळवा. श्रीवर्धन-मुरुडकडच्या मंडळींकडून आणि आमच्या कोल्हापूरच्या वहिनींकडून विशेष अपेक्षा आहे. जाणकारांनी भर घालावी.